सर्टिफिकेट मिळाल्यानंतर डब्यात काय बदलतं आणि ते कोण बघतं

प्रश्न : खानापूर तालुक्यात जांबोटी रस्त्याला आमचा फायबर इंटरनेट आणि केबल टीव्हीचा छोटा व्यवसाय आहे. घरोघरी बसवायचे वायफायवाले ओएनटी डबे (फायबरचं घरातलं टोक ज्याला जोडतात ते) मागच्या वर्षी घेतले ते उत्तम चालले. यंदा त्याच कंपनीचे, त्याच मॉडेलचे, पण नव्या लॉटमधले घेतले. काही घरांत नेट मध्येच जातं, डबा लावला की रेडिओत खरखर येते, टीव्हीच्या चित्राचे चौकोन पडतात. काही डबे पहिल्या पावसातच गेले. डब्यावर टीईसीचं, म्हणजे सरकारच्या दूरसंचार अभियांत्रिकी केंद्राचं, चिन्ह आहे. पुरवठादार म्हणतो, “सर्टिफाइड आहे की ते!” एकदा सर्टिफिकेट मिळाल्यावर पुढे कुणी तपासतं का? तक्रार कुठे करायची? आणि पडून असलेला माल वापरू की परत करू?

उत्तर :

तुमचा पुरवठादार खोटं बोलत नाही, अर्धंच बोलतोय. सर्टिफिकेट मिळतं ते मॉडेलला, आणि तेही प्रयोगशाळेत गेलेल्या नमुन्याच्या जोरावर. तुमच्या हातातला डबा हुबेहूब त्या नमुन्यासारखा आहे, असं सांगणारा माणूस म्हणजे निर्माता. प्रयोगशाळेने तुमचा डबा पाहिलेला नसतो, टीईसीनेही नाही. शितावरून भाताची परीक्षा आपण करतो तेव्हा शीत आणि भात एकाच भांड्यातले असतात. इथे शीत एका सालचं आणि तुमच्या ताटातला भात दुसऱ्या सालचा. ही तफावत पकडण्यासाठी जी व्यवस्था असते तिला बाजारातली देखरेख म्हणतात. विक्रीला आलेला, कुणीही विकत घेऊ शकेल असा डबा उचलायचा आणि पुन्हा प्रयोगशाळेत न्यायचा. तुमचा प्रश्न नेमका त्या व्यवस्थेचा आहे. पण तिथे जाण्याआधी तुमच्या तीन-चार तक्रारी वेगळ्या कराव्या लागतील, कारण त्या सगळ्या एका जातीच्या नाहीत.

आधी पावसात गेलेले डबे. हे बहुधा सर्टिफिकेटच्या खात्यात धरता येणार नाहीत. जांबोटी-कणकुंबी पट्ट्यातला पाऊस आणि विजा मी तुम्हाला सांगायला नकोत. लोक म्हणतात, फायबर तर काच आहे, त्यातून वीज कशी येणार? काचेतून येत नाहीच. पण घरात येणाऱ्या ड्रॉप केबलला आधाराची पोलादी तार असते, ती खांबापासून घराच्या भिंतीपर्यंत धावते, आणि बसवणारा पोरगा ती न कापता थेट डब्याच्या बुडाशी आणून गुंडाळून ठेवतो. त्या तारेवरून जे यायचं ते येतं. दुसरी वाट विजेच्या लाइनची. हेस्कॉमच्या, म्हणजे इथल्या वीज कंपनीच्या, लाइनवर झाडाची फांदी पडून न्यूट्रल तुटला तर सिंगल फेजच्या घरात २३०च्या जागी साडेतीनशेच्या वर व्होल्ट येऊ शकतात. अॅडॉप्टरवर १०० ते २४० व्होल्ट लिहिलेलं असतं; त्याच्याकडून याहून जास्त अपेक्षा धरणं अन्याय आहे. प्रयोगशाळेत सर्जची चाचणी होते, पण ती ठरावीक उंचीच्या, क्षणभराच्या झटक्यांची असते. पंधरा मिनिटं चढलेलं व्होल्टेज तिच्यात बसत नाही. तेव्हा मेलेले डबे बाजूला काढा, त्यातले किती एकाच ट्रान्सफॉर्मरवरचे आहेत ते बघा. एकाच गल्लीतले असतील तर दोष लाइनचा. वेगवेगळ्या गावांत, विजा नसलेल्या दिवशीही जात असतील तर मग डब्याकडे बघू.

खरखर आणि चौकोन ही मात्र वेगळी गोष्ट आहे, आणि तिथे माझा पहिला संशय डब्यावर नाही, अॅडॉप्टरवर आहे.

एका उपकरणाचा विद्युत गोंगाट दुसऱ्याला त्रास देतो का, हे तपासणाऱ्या ईएमसी प्रयोगशाळेत मी काम केलेलं आहे. नंतर उत्पादकांची प्रमाणनाची कामं करत आलो. अशा तक्रारीत अॅडॉप्टर आरोपी निघण्याचं प्रमाण इतकं आहे की मी आता डबा उघडण्याआधी अॅडॉप्टर स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवायला सांगतो. कारण साधं आहे. ओएनटीची मुख्य चिप, वायफायचा भाग, लेझरचा भाग हे सगळं मोठ्या चिप कंपनीच्या आराखड्याप्रमाणे बनतं; तिथे हात घालायला निर्माता सहसा धजत नाही. अॅडॉप्टर मात्र तो बाहेरून घेतो आणि पैसे वाचवायचे असले की ते इथेच वाचवतो. १२ व्होल्ट १ अँपिअरच्या अॅडॉप्टरमध्ये मेन्सच्या तोंडाशी एक कॉमन मोड चोक असतो, तांब्याची तार गुंडाळलेलं फेराइटचं (एका चुंबकीय पदार्थाचं) कडं. तो आतल्या स्विचिंगचा गोंगाट बाहेर वायरीत जाऊ देत नाही. तो काढला, त्याच्या जागी दोन साध्या तारा जोडल्या, तरी अॅडॉप्टर १२ व्होल्ट देतोच. डबा चालतो, दिवे लागतात, ग्राहक खूश. फक्त घरातली सगळी वायरिंग आता त्या गोंगाटाची अँटेना झालेली असते. चोक गेलेला अॅडॉप्टर जुन्यापेक्षा चांगलाच हलका भरतो. वजन हा पुरावा नव्हे, पण शंका खरी की खोटी ते पाच मिनिटांत कळतं.

दुसरी घरगुती कसोटी ट्रान्झिस्टरची. सर्टिफिकेटसाठी वायरीतून जाणारा गोंगाट १५० किलोहर्ट्झपासून ३० मेगाहर्ट्झपर्यंत मोजतात. आपल्याकडे ऐकू येणारं धारवाड आकाशवाणीचं केंद्र ७६५ किलोहर्ट्झवर, सांगलीचं १२५१वर. दोन्ही या पट्ट्याच्या आत. मीडियम वेव्हचा छोटा ट्रान्झिस्टर धारवाडच्या फ्रीक्वेन्सीच्या जवळपास, पण केंद्र नसलेल्या जागी लावा आणि जुन्या लॉटच्या अॅडॉप्टरजवळ एक हात अंतरावर धरा. मग नव्या लॉटच्या. जुन्याला हलकी गुणगुण आणि नव्याला चक्की चालल्यासारखा आवाज असेल तर उत्तर मिळालं. आता आलटून पालटून बघा. नवा डबा जुन्या अॅडॉप्टरवर, जुना डबा नव्या अॅडॉप्टरवर. खरखर अॅडॉप्टरबरोबर फिरते की डब्याबरोबर, हे लिहून ठेवा. हे करताना घरातले एलईडी दिवे बंद ठेवा. स्वस्त एलईडी बल्बचा ड्रायव्हर अॅडॉप्टरइतकाच गोंगाट करतो आणि बिचाऱ्या ओएनटीवर आळ येतो.

टीव्हीचे चौकोन त्याच कुळातले असू शकतात. केबलचे चॅनेल ज्या फ्रीक्वेन्सींवर येतात तिथे बाहेरचा गोंगाट ढिल्या कनेक्टरमधून आत शिरतो. कनेक्टर नीट क्रिम्प करून, तरीही चौकोन पडतात का ते बघा. कनेक्टर घट्ट केल्यावर गेले तर अर्धा दोष आपला होता, असं समजून गप्प बसायचं नाही. मागच्या वर्षी त्याच ढिल्या कनेक्टरवर चित्र साफ होतं, हे विसरू नका.

एक सांगून ठेवतो. डब्याच्या धातूच्या भागाला हात लावल्यावर मुंग्या येतात, म्हणून बरेच ग्राहक “करंट मारतोय” म्हणतात. दोन पिनच्या अॅडॉप्टरमध्ये तेवढी गळती धरलेलीच असते. मानकात तिची मर्यादा पाव मिलीअँपिअर आहे. उलट ज्या अॅडॉप्टरमध्ये अजिबात मुंग्या येत नाहीत, त्यात गोंगाट आतल्या आत परत वळवणारा कपॅसिटरच गाळलेला असण्याचीही शक्यता असते.

नेट मध्येच जाण्याचं काय? तिथे फर्मवेअर, म्हणजे डब्याच्या आतलं सॉफ्टवेअर, बघा. जुन्या आणि नव्या डब्याच्या सेटिंगच्या पानावर जाऊन हार्डवेअर व्हर्जन आणि सॉफ्टवेअर व्हर्जन दोन्ही टिपून घ्या. मॉडेलचं नाव तेच, पण हार्डवेअर व्हर्जन वेगळं असेल तर आत वायफायची चिप बदललेली असू शकते. २०२०नंतर चिपचा तुटवडा पडला तेव्हा जगभरच्या कारखान्यांनी असे बदल केले. काहींनी रीतसर कळवले, काहींनी मॉडेलच्या नावात शेपूटसुद्धा जोडलं नाही. बदल करणं गुन्हा नाही. सर्टिफिकेट देणाऱ्याला कळवून, गरज असेल त्या चाचण्या पुन्हा करून घेणं ही अट आहे. न कळवता केलेला बदल हाच देखरेखीत सापडणारा खरा मासा.

आता कायद्याचं थोडक्यात. ५ सप्टेंबर २०१७ रोजी भारतीय तार नियमांत दुरुस्ती झाली आणि दूरसंचार उपकरणांची चाचणी व प्रमाणन सक्तीचं झालं. ह्यालाच एमटीसीटीई म्हणतात. पहिल्या टप्प्यात फोन, फॅक्स, मोडेम, ईपीएबीएक्स (कचेरीतलं छोटं टेलिफोन एक्सचेंज) अशी उपकरणं १ ऑक्टोबर २०१९पासून आली. तुमचे ओएनटी ज्या पॉन (एकाच फायबरवर अनेक घरं जोडणारं नेटवर्क) कुटुंबात मोडतात ते दुसऱ्या टप्प्यात, १ ऑक्टोबर २०२०पासून. उद्देश चार सांगितले आहेत : चालू नेटवर्क बिघडू नये, वापरणारा सुरक्षित राहावा, रेडिओ लहरी ठरलेल्या मर्यादेबाहेर जाऊ नयेत, आणि लागू असलेली मानकं पाळली जावीत. अर्ज निर्माता करतो. निर्माता परदेशी असेल तर त्याचा भारतातला अधिकृत प्रतिनिधी. चाचणी मान्य प्रयोगशाळेत, कागद पोर्टलवर, तपासणी टीईसीकडे. एका मुख्य मॉडेलची चाचणी होऊन त्याची भावंडं असलेली मॉडेलं त्याच सर्टिफिकेटवर येऊ शकतात. म्हणून सर्टिफिकेट बघताना तुमचं मॉडेल मुख्य आहे की भावंडांच्या यादीतलं, हे वाचा.

पण एका डब्यावर एकच शिक्का नसतो, इथे लोक फसतात. टीईसी एकीकडे. वायफाय हे रेडिओ, म्हणून त्याचं उपकरण-मान्यतेचं काम डब्ल्यूपीसी या रेडिओ लहरींच्या सरकारी विभागाकडे; त्या मान्यतेला ईटीए म्हणतात. आणि अॅडॉप्टर बीआयएस या भारतीय मानक संस्थेकडे, २०१३पासून लागू असलेल्या सक्तीच्या नोंदणीत. त्यावर आर अक्षराने सुरू होणारा नोंदणी क्रमांक छापलेला हवा. तो क्रमांक बीआयएस केअर अॅपमध्ये घालून बघा. कारखान्याचं नाव, पत्ता, उत्पादन दिसलं पाहिजे. क्रमांक एलईडी ड्रायव्हरचा किंवा पॉवर बँकेचा निघाला, तर तुमच्या हाती वजनाच्या काट्यापेक्षा कितीतरी भक्कम गोष्ट आली. जुन्या लॉटच्या आणि नव्या लॉटच्या अॅडॉप्टरवरचे क्रमांक वेगळे असतील तर ओएनटीच्या चाचणीत नेमका कुठला अॅडॉप्टर लावला होता, हे पुरवठादाराला लेखी विचारा. चाचणीच्या अहवालात अॅडॉप्टरचं मॉडेल लिहिलेलं असतं. तो अहवाल निर्मात्याकडे असतोच. द्यायला का-कू करत असेल तर तेही उत्तरच.

“पुढे कुणी तपासतं का?” हो, तरतूद आहे. बाजारातून किंवा निर्मात्याकडून नमुना घेणं, लेबल आणि सर्टिफिकेट जुळवणं, उघडून बोर्ड बघणं, निवडक चाचण्या पुन्हा करणं. आणि अटी मोडल्या असतील तर सर्टिफिकेट निलंबित किंवा रद्द करणं. बीआयएसकडेही बाजारातून नमुने उचलण्याची पद्धत आहे. माझं मत विचाराल तर आपल्याकडे पुढच्या दारावर पहारेकरी पुष्कळ आणि मागच्या दारावर कमी. अर्जात एक स्वल्पविराम चुकला तर फाइल परत येते. पण नंतर तीन वर्षं तोच माल दुकानांत विकला जातो तेव्हा त्याच्याकडे तितक्या बारकाईने बघितलं जात नाही.

बाहेर कसं चालतं ते सांगतो, कारण तुमच्या तक्रारीला त्यातून धार येईल. अमेरिकेत सर्टिफिकेट खासगी संस्था देतात, पण त्याच संस्थांवर बंधन आहे की आपण दिलेल्या सर्टिफिकेटांपैकी किमान ५ टक्के उत्पादनं नंतर पुन्हा तपासायची. म्हणजे ज्याने शिक्का दिला त्यानेच परत जाऊन बघायचं. युरोपात उलटं. तिथे बहुतेक रेडिओ उपकरणांना निर्माता स्वतःच घोषणा करून सीई चिन्ह लावतो, पुढचं दार जवळजवळ उघडं. त्यामुळे बाजारातल्या तपासणीवर सगळी भिस्त. त्याचा गाजलेला दाखला फ्रान्सचा. तिथली एएनएफआर ही सरकारी संस्था दुकानांतून फोन विकत घेऊन त्यांचा एसएआर, म्हणजे शरीरात शोषली जाणारी रेडिओ ऊर्जा, मोजते. २०२०मध्ये बाजारात आलेला आयफोन १२ तिने तपासला. हातात किंवा खिशात धरल्यावरची मर्यादा किलोला ४ वॅट, मोजमाप निघालं ५.७४. १२ सप्टेंबर २०२३ रोजी फ्रान्समध्ये विक्री थांबवायचा आदेश निघाला. कंपनीने चाचणीच्या पद्धतीवर आक्षेप घेतला, पण सॉफ्टवेअर बदललं. पुन्हा मोजल्यावर आकडा ३.९४ आला आणि विक्री सुरू झाली. फोनमधला एक स्क्रूही न बदलता तो मर्यादेच्या आत आला. तुमच्या डब्याचं फर्मवेअर टिपून घ्यायला मी का सांगतोय, ते यावरून लक्षात येईल.

अमेरिकेच्या व्यवस्थेचा आपल्याला एक फुकटचा फायदाही आहे. डब्याच्या बुडाशी एफसीसी आयडी (अमेरिकेच्या दूरसंचार नियामकाचा क्रमांक) छापलेला असेल तर तो त्यांच्या संकेतस्थळावर शोधता येतो आणि चाचणीला दिलेल्या नमुन्याच्या आतल्या बोर्डाचे फोटो बघायला मिळतात. वायफायच्या भागावर पत्र्याचं झाकण होतं का, फेराइट कुठे होते, अॅडॉप्टर कुठला होता, सगळं. मग तुमच्याकडचा एक मेलेला डबा उघडून शेजारी ठेवा. जिथे फोटोत पत्र्याची डबी आहे आणि तुमच्या बोर्डावर नुसत्या सोल्डरच्या खुणा आहेत, तिथे वाद संपतो.

आता तुमच्या कामाची, पण जराशी कटकटीची गोष्ट. समजा तुम्ही पैसे खर्चून एक डबा प्रयोगशाळेत पाठवला आणि तो नापास झाला. तेवढ्याने लॉट नापास होत नाही. मोठ्या संख्येने बनणाऱ्या मालासाठी सीआयएसपीआर या रेडिओ गोंगाटाच्या आंतरराष्ट्रीय समितीच्या मानकांत ८०/८०चा नियम आहे : किमान ८० टक्के नग मर्यादेच्या आत आहेत, हे ८० टक्के खात्रीने म्हणता आलं पाहिजे. त्याचं कोष्टक असं : ७ नग तपासले तर एकही नापास चालत नाही, १४ तपासले तर १ चालतो, २० तपासले तर २. म्हणून निर्मात्याचा वकील तुमच्या एका डब्याच्या अहवालाला “सुटा नग” म्हणून उडवून लावेल, आणि संख्याशास्त्राच्या दृष्टीने त्याचं म्हणणं अगदीच चूक नसेल. तेव्हा पाठवायचेच तर ७ पाठवा, वेगवेगळ्या पेट्यांतले, सील न फोडलेले. आणि सगळ्या चाचण्या मागू नका. वायरीतून जाणारा आणि हवेतून जाणारा गोंगाट, एवढ्या दोनच मागा. खर्च आटोक्यात राहतो आणि तुमची तक्रार तेवढीच आहे.

अहवाल आला की त्यात ए वर्ग की बी वर्ग ते बघा. ए वर्ग कारखान्या-कचेऱ्यांसाठी, बी घरांसाठी. दहा मीटरवर ३० ते २३० मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात ए वर्गाला ४० डेसिबल चालतात, बी वर्गाला ३०. दहा डेसिबल म्हणजे दहापट शक्ती. बेळगावच्या उद्यमबागेतल्या फाउंड्रीत ए वर्गाचा डबा कुणाला त्रास देणार नाही, मशीनचाच आवाज मोठा. पण खेड्यातल्या शांत घरात तो खरखर करेल आणि तरीही कागदावर पास असेल. मागच्या लॉटचं माहितीपुस्तक आणि या लॉटचं पुस्तक शेजारी ठेवा. ए वर्गाचा इशारा नव्या पुस्तकात आला असेल तर घरगुती वापरासाठी तो माल तुम्हाला द्यायलाच नको होता.

तक्रारीच्या वाटा. तुम्ही स्वतःच्या लायसन्सवर चालत नसून एखाद्या मोठ्या इंटरनेट कंपनीचे फ्रँचायझी असाल, तर पहिलं पत्र त्या कंपनीला. माल तिच्या मंजूर यादीतला आहे, तिची खरेदी हजारोंत असते. निर्माता तुमचा फोन उचलणार नाही, तिचा उचलतो. दुसरं पत्र टीईसीला, सर्टिफिकेट क्रमांक, दोन्ही लॉटचे लेबलचे फोटो, हार्डवेअर-फर्मवेअर व्हर्जन आणि अॅडॉप्टरचे नोंदणी क्रमांक जोडून. दक्षिणेसाठी टीईसीचं प्रादेशिक कार्यालय बेंगळुरूला आहे. अॅडॉप्टरचा क्रमांक खोटा निघाला असेल तर ती तक्रार बीआयएसकडे, अॅपवरूनच. पत्रात “नेट चालत नाही” असं लिहू नका. “त्याच सर्टिफिकेटखाली दोन वेगळी हार्डवेअर विकली जात आहेत” असं लिहा. पहिलं वाक्य सेवेची तक्रार म्हणून भलत्या टेबलावर जातं, दुसरं देखरेखीच्या टेबलावर.

ग्राहक आयोगाचा विचार तुमच्या मनात असेल, तर थोडं थांबा. पुन्हा विकण्यासाठी किंवा व्यापारासाठी घेतलेल्या मालाचा खरेदीदार २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्यात ‘ग्राहक’ धरला जात नाही. पोटापाण्यापुरता स्वतःचा धंदा करणाऱ्याला काही सवलत आहे, पण ती माल स्वतः वापरणाऱ्याला. तुम्ही डबे पुढे घरोघर देता, त्यामुळे समोरचा पक्ष तिथेच अडवेल. ज्या घरात डबा बसला तो घरमालक मात्र ग्राहक आहे. त्याने १९१५ या हेल्पलाइनला फोन केला तर मराठीतून किंवा कन्नडमधून तक्रार नोंदवता येते. आणि आयोगात जायचं झालं तर तो राहतो त्या जिल्ह्यात, म्हणजे बेळगावातच दाद मागू शकतो, माल कोल्हापूरहून आलेला असो की हुबळीहून. आपल्या सीमाभागातल्या माणसाला ही तरतूद फार उपयोगाची आहे. निपाणीचा माणूस कागलात खरेदी करतो, खानापूरचा गोव्यात. पूर्वी भांडायला दुकानाच्या गावी खेटे घालावे लागत.

तुमच्यासाठी हत्यार दुसरं आहे, १९३०चा माल विक्री कायदा. वर्णनावर विकलेला माल वर्णनाशी जुळला पाहिजे, आणि नमुन्यावर विकलेला माल नमुन्याशी. पण वर्णन तुमच्या ऑर्डरमध्ये असायला हवं ना! आपल्याकडे ऑर्डर व्हॉट्सअॅपवर जाते : “तेच मागचे डबे पाठवा.” यापुढे मॉडेल, हार्डवेअर व्हर्जन, टीईसी सर्टिफिकेट क्रमांक, अॅडॉप्टरचा आर क्रमांक हे सगळं ऑर्डरमध्ये लिहा आणि बिलावर मॉडेल पूर्ण छापून घ्या. कच्च्या बिलावर घेतलेल्या मालाबद्दल मी काही बोलत नाही. आणि प्रत्येक लॉटमधला एक डबा सील न फोडता कपाटात ठेवून द्या. तक्रारीत तो सोन्यासारखा कामी येतो, कारण उघडलेल्या डब्याबद्दल “अॅडॉप्टर तुम्हीच बदलला असेल” असं कुणीही म्हणू शकतं.

विषय निघालाच आहे तर सिग्नल बूस्टरबद्दल. जांबोटीच्या पुढे रेंज नाही म्हणून काही घरांनी, एका-दोन लॉजवाल्यांनी छपरावर रिपीटर लावलेत आणि त्यावरही कसलेकसले शिक्के असतात. त्या शिक्क्यांना अर्थ नाही. मोबाइलचा रिपीटर बसवण्याचा अधिकार परवानाधारक मोबाइल कंपनीचा आहे, घरमालकाचा किंवा दुकानदाराचा नाही. असला रिपीटर स्वतःचाच सिग्नल पुन्हा पकडून वाढवत सुटला की आसपासच्या टॉवरला ग्राहकांचे फोन ऐकूच येईनासे होतात. आपल्याकडे कर्नाटक आणि महाराष्ट्र-गोवा अशा दोन सर्कलचे टॉवर एकमेकांवर चढलेले, त्यामुळे एक रिपीटर दोन्हीकडचं नुकसान करतो आणि शोधायला दोन्हीकडची कार्यालयं लागतात. तुमच्याकडचं कुणी बसवून मागितलं तर नाही म्हणा.

वॉकी-टॉकीचंही तसंच. विसर्जन मिरवणुकीला मंडळं ऑनलाइन मागवतात. ४४६.० ते ४४६.२ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यातले कमी ताकदीचे संच परवान्याशिवाय चालतात; बाकीच्यांना परवाना लागतो. कुठली फ्रीक्वेन्सी, ईटीए आहे की नाही, हे न सांगताच संच विकले जात होते. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने २०२५मध्ये ऑनलाइन विक्री करणाऱ्यांना नोटिसा काढल्या आणि नंतर त्याबद्दल मार्गदर्शक नियम आणले. मागच्या दारावरचा पहारा वाढतोय, त्याचं हे एक लक्षण. इथे प्रयोगशाळाही लागली नाही. विक्रीच्या पानावर काय लिहिलंय आणि काय लिहिलेलं नाही, एवढंच वाचलं.

राहिला तुमच्याकडे पडलेला माल. आलटापालटीत खरखर अॅडॉप्टरबरोबर फिरत असेल, तर सगळे डबे परत करायच्या मागे लागू नका. वाहतुकीत आणि वादात सीझन जाईल. सगळे अॅडॉप्टर बदलून मागा, चाचणी अहवालात नाव असलेले. बाजारातून स्वतः दुसरे आणून लावणं सोपं वाटतं, पण मग डबा सर्टिफिकेटमधल्या जोडणीत राहत नाही आणि पुढे काही जळलं तर बोट तुमच्याकडे दाखवतील. निर्मात्याने अॅडॉप्टरचं दुसरं मॉडेल सुचवलं तर ते पत्रावर घ्या, फोनवर नको. आणि खरखर डब्याबरोबर फिरत असेल किंवा हार्डवेअर व्हर्जनच वेगळं निघालं, तर उरलेला लॉट बसवणं आजच थांबवा. बसवलेले डबे लगेच काढू नका. ज्या घरांची तक्रार आहे त्यांना मागच्या लॉटमधले शिल्लक असतील ते द्या आणि काढलेल्या प्रत्येक डब्यावर गाव, तारीख आणि लक्षण लिहिलेली चिठ्ठी चिकटवा. माल नाकारत असल्याचं पत्र मात्र उशीर न करता पाठवा. माल ठेवून घेतला, वाजवी मुदतीत काही कळवलं नाही, तर कायद्याने तो तुम्ही स्वीकारला असं धरलं जातं. मग हाती उरते नुकसानभरपाईची मागणी, माल परत करण्याचा हक्क नाही.